नवख्यांना जमेल, जाणत्यांना रमवील असा दांडिया

प्रतिनिधी, पिंपरी

घटस्थापनेच्या संध्याकाळी पिंपरी-चिंचवडमधील अनेक गृहसंकुलांत एकसारखेच दृश्य दिसते. आवारात देवीचा मंडप, वाहनतळाच्या छताला सोडलेल्या दिव्यांच्या माळा, मधोमध सात-आठ सफाईदार नाचणाऱ्यांचा घट्ट फेर आणि त्यांच्याभोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले उरलेले रहिवासी. पहिल्या दिवशी त्यांतील काही जण फेरात शिरून पाहतात. दोनदा पाऊल चुकते, मागून येणाऱ्याचा धक्का बसतो आणि तिसऱ्या माळेला ती मंडळी पुन्हा खुर्चीवर दिसतात. काही संकुलांत नेमके उलटे घडते. सर्वांना जमावे म्हणून नुसत्या दोन टाळ्यांचा फेर तासभर चालविला जातो आणि चांगले नाचणारे कंटाळून तिकिटे काढून मोठ्या मैदानांवरील कार्यक्रमांकडे वळतात. दोन्ही ठिकाणी आयोजकांची चूक एकच असते. कोणता नाच कोणत्या वेळी आणि कोणत्या रचनेत घ्यायचा, हे कोणी ठरविलेलेच नसते. ध्वनिक्षेपक लावणाऱ्याकडील गाण्यांची यादीच ते परस्पर ठरवून टाकते.

या शहराला हा प्रश्न इतर गावांपेक्षा अधिक भिडतो. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे टेल्को आणि बजाज ऑटोसारखे मोठे कारखाने आले, १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि गेल्या काही दशकांत चाकणच्या माळरानावर देशी-विदेशी मोटार कंपन्यांचे प्रकल्प उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती. यातला मोठा भाग बाहेरून आलेला. मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबाचे नवरात्र तुळजापूरच्या भवानीचे आणि आराध्यांच्या गाण्यांचे, विदर्भातल्याचे वेगळे, बंगाली कुटुंबाचे दुर्गापूजेचे. टिपऱ्या हातात घेऊन वाढलेला रहिवासी प्रत्येक इमारतीत थोडाच असतो. तरीही सार्वजनिक नवरात्रात दांडिया हाच सगळ्यांचा सामाईक खेळ ठरला आहे. नव्या संकुलात राहायला आलेल्या माणसाला शेजाऱ्याचे नाव कळण्याची वर्षातली बहुधा हीच मोठी संधी. ती पावले चुकण्याच्या भीतीने वाया जावी, हे काही योग्य नव्हे.

पाच टिपऱ्या, तीन रिकाम्या मात्रा

गरबा आणि दांडिया हे शब्द आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. पण त्यांची रचना भिन्न आहे आणि निवडीच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. गरबा देवीच्या दीपाभोवती फेर धरून, टाळ्यांच्या साथीने, परंपरेने आरतीपूर्वी खेळला जातो. 'गुजरातचा गरबा' डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाला. दांडिया-रास हा आरतीनंतरचा, टिपऱ्यांचा आणि मुख्य म्हणजे जोडीदाराचा खेळ. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, समोरच्याशी टिपऱ्या जुळवायच्या आणि पुढच्या जोडीदारापाशी सरकायचे. महाराष्ट्राला हे नवे नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात टिपरी नाचलेल्या पिढ्या अजून आपल्यात आहेत.

नवख्यांसाठी कोणता दांडिया निवडावा, याचे उत्तर सर्वांत जुन्या आणि साध्या प्रकारात दडलेले आहे. अनेक ठिकाणी खेळला जाणारा हा पाच टिपऱ्यांचा दांडिया आठ मात्रांच्या कहरव्यात चपखल बसतो. पहिल्या मात्रेला आपली उजवी टिपरी समोरच्याच्या उजवीवर, दुसरीला डावी डावीवर, तिसरीला पुन्हा उजवी. चौथ्या मात्रेला स्वतःच्या दोन टिपऱ्या एकमेकींवर आणि पाचवीला पुन्हा समोरच्याच्या उजवीवर. सहा, सात आणि आठ या मात्रा रिकाम्या. तेवढ्यात पुढच्या जोडीदारासमोर सरकायचे. गल्लोगल्ली टिपऱ्यांचा क्रम बदलतो, पण सांगाडा साधारण हाच.

या खेळाचे सारे मर्म त्या तीन रिकाम्या मात्रांत आहे. नवखा त्यांत शांतपणे एक पाऊल बाजूला सरकतो आणि वेळेवर पोहोचतो. जाणता त्याच तीन मात्रांत पूर्ण गिरकी घेतो, गुडघ्यात झुकतो, टिपरी बोटांत फिरवतो आणि तोही समेलाच नव्या जोडीदारासमोर उभा राहतो. दोघे एकाच रांगेत एकच नाच नाचत असतात आणि एकाच्या मर्यादेने दुसऱ्याचा आनंद कमी होत नाही. पाच टिपऱ्यांपैकी दोन हुकल्या तरीही काही बिघडत नाही, कारण आठव्या मात्रेला जोडीदार बदलतो आणि पाटी पुन्हा कोरी होते. चुकलेल्याला सावरण्याची जागा नाचातच ठेवलेली असणे, ही निवडीची पहिली कसोटी म्हणावी लागेल.

दुसरी कसोटी अशी की, एकाची चूक किती जणांना भोगावी लागते हे पाहावे. चौकडीच्या प्रकारात दोन जोड्या चौकोनात उभ्या राहतात, आधी समोरच्याशी आणि मग कर्णावरच्या खेळाडूशी टिपऱ्या जुळवून जागा बदलतात. दिसायला हे अतिशय सुंदर. मात्र एक जण भलत्या बाजूला वळला की चौघांचा चौकोन मोडतो आणि शेजारच्या चौकडीला अडतो. संध्याकाळच्या मध्यावर, पाय रुळल्यानंतर हा प्रकार जरूर घ्यावा. प्रारंभी घेऊ नये.

सरकण्याच्या बाबतीत एक गणिती गंमत आयोजकांच्या सहसा लक्षात येत नाही. दोन्ही रांगांनी आपापल्या उजवीकडे पूर्ण एक जागा सरकायचे ठरविले, तर रांगा परस्परविरुद्ध दिशांना जात असल्याने अंतर दोन जागांचे पडते आणि प्रत्येक फेरीत मधला एक जोडीदार गळतो. मग 'माझ्यासमोर कोणीच आले नाही', 'माझ्यासमोर दोघे आले' असा गोंधळ उडतो. एक तर एकाच रांगेने सरकावे, नाही तर दोन्ही रांगांनी अर्धी-अर्धी जागा सरकावे. ही सूचना ध्वनिक्षेपकावरून एकदाच स्पष्ट दिली तर पहिल्या दहा मिनिटांतली निम्मी भांडणे टळतील.

अटलांटिकपलीकडचा दाखला

दोन रांगा, समोरचा जोडीदार आणि दर फेरीला पुढे सरकणे ही रचना केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात रुजलेला 'कॉन्ट्रा' नाच याच तत्त्वावर चालतो. त्याचे मूळ सतराव्या शतकातील इंग्लिश ग्रामनृत्यांत सापडते. जॉन प्लेफोर्ड याने लंडनमध्ये १६५१ साली अशा नृत्यांचा संग्रह छापला होता. आजही तेथील सभागृहांत शनिवारच्या संध्याकाळी पंचविशीतला तरुण आणि सत्तरीची आजी एकाच रांगेत नाचतात, आणि पहिल्यांदाच आलेला पाहुणाही त्यांच्यात असतो.

तेथे हे जमते ते 'कॉलर' नावाच्या व्यक्तीमुळे. कोणता नाच घ्यायचा ते हीच व्यक्ती ठरवते. संगीत सुरू होण्यापूर्वी सर्वांना एकदा पायी चालवून आकृती समजावते, मग तालावर पुढची हालचाल क्षणभर आधी पुकारते आणि काही फेऱ्यांनंतर हळूहळू गप्प होते. एक आवर्तन ६४ पावलांचे, म्हणजे सुमारे अर्ध्या मिनिटाचे. तेच पुन:पुन्हा, प्रत्येक वेळी नव्या शेजाऱ्यांसह. चांगला कॉलर नाच निवडताना एका हालचालीचा झोक आपोआप पुढच्या हालचालीत नेतो की नाही, हे पाहतो. शरीर ज्या दिशेला जात आहे त्याच दिशेला पुढचे पाऊल असेल, तर नवख्याला लक्षात ठेवण्याचे ओझे राहत नाही आणि जाणत्याला वाहते राहण्याचे सुख मिळते.

त्या नाचातील 'स्विंग' ही जोडीने गरगर फिरण्याची हालचाल आपल्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. मंगळागौरीची फुगडी ज्यांनी घातली आहे, त्यांना त्यातले इंगित माहीत आहे. पाय जवळ, अंग मागे आणि भार समोरच्याच्या हातांवर. भार देण्याचे धैर्य नवख्याकडे नसते. पण मुरलेली फुगडी घालणारी मावशी त्याच्या हातांना असा काही ओढ देते की दुसऱ्या गिरकीला त्याचे शरीरच शिकून जाते. कोणतेही वर्ग लावून हे साधत नाही. जोडीदार बदलत राहणाऱ्या नाचात जाणता माणूस दर अर्ध्या मिनिटाला एका नव्या माणसाला असे काही देत असतो. यातच त्याचाही रस टिकतो, कारण समोर येणारे प्रत्येक हात निराळे असतात.

आपल्या इतर खेळांशी ताडून पाहिले तर हे अधिक स्पष्ट होईल. भोंडल्याच्या फेरात कोणीही शिरू शकते, पाय चुकण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे जाणत्यांचा रस गाण्यांत आणि खिरापत ओळखण्यात असतो. लेझीम रांगेने चालते. पुढच्या ओळीकडे पाहून मागचे शिकतात, पण पुढचा आणि मागचा कधी समोरासमोर येत नाहीत. गोफ मात्र अजिबात क्षमा करीत नाही. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांची टोके हाती घेऊन निम्मे एका दिशेने, निम्मे दुसऱ्या दिशेने, कधी वरून कधी खालून असे जात वेणी विणायची आणि उलट्या पावलांनी ती उकलायची. गोव्यात काणकोणकडे शिगम्यात तो रंगतो. एकाने वरच्याऐवजी खालून जावे की गाठ पक्की! खुल्या फेरासाठी गोफ निरुपयोगी; परंतु संकुलातील चांगल्या नाचणाऱ्यांना अवघड काहीतरी हवेच असेल, तर अष्टमीला त्यांचा गोफ स्वतंत्रपणे सादर व्हावा. आधी महिनाभर तालीम करण्यात त्यांची हौसही भागते आणि रोजच्या फेरात ते खुल्या मनाने सामील होतात.

गरब्याचा फेर का फुटतो

गरब्यात जोडीदार नसल्यामुळे जाणते आणि नवखे वेगळे पडण्याचा धोका तेथे सर्वाधिक. चांगले नाचणारे आत स्वतःचा लहान फेर करतात, त्याला वेग येतो आणि बाहेरच्या फेराला अनुकरणासाठी कोणी उरत नाही. यावर उपाय निवडीत कमी आणि मांडणीत जास्त आहे. फेरातला नवखा पुढच्याच्या टाचांकडे आणि समोरच्या बाजूच्या पावलांकडे पाहून नाचतो. तेव्हा जाणत्यांना फेरभर विखरून उभे करावे; दर सात-आठ माणसांमागे एक सराईत असला तरी पुरते.

प्रकार निवडताना दोन टाळीपासून सुरुवात करून तीन टाळीवर यावे. पाऊल एकाच दिशेने पुढे जाणारे असावे. पुढे-मागे झुलणारे 'दोढियुं' तरुणांना अतिशय प्रिय आहे, पण मागे येताना नवखा मागच्यावर आदळतो. ते वेगळ्या गाण्यासाठी राखून ठेवावे. तीन टाळीत जाणत्यांना वाव कुठे, असे कोणी विचारील. टाळीची उंची, कमरेची लय, दोन टाळ्यांमधील अर्धी गिरकी हे सारे त्यांच्या हाती आहे. अट एवढीच की फेराचा वेग त्यांनी बदलू नये.

शिकविणाऱ्याने उभे कोठे राहावे, हीदेखील क्षुल्लक बाब नाही. समोरासमोर उभे राहून दांडिया शिकविला की नवखे आरशातल्याप्रमाणे नक्कल करतात, उजव्याला डावा हात पुढे करतात आणि टिपऱ्या बोटांवर बसतात. प्रस्तुत प्रतिनिधीनेही शाळेत टिपरी अशीच शिकली आणि अंगठ्याचे नख काळे करून घेतले होते. शिकविणाऱ्याने पाठ करून उभे राहावे, चार आवर्तने गाण्याशिवाय, नुसती मात्रा मोजून घ्यावीत. टिपरी लाकडी, साधारण दीड फुटाची, खालच्या टोकाशी सैल मनगटाने धरलेली असावी. तिचा आवाज यावा इतपतच स्पर्श पुरे; जोर लावण्याचे कारण नाही.

गतीचे मापही सोपे आहे. साधारण चालताना माणूस मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावले टाकतो. गाणे लावून, घड्याळाकडे पाहून मात्रा मोजाव्यात. आकडा या टप्प्यात असेल तर त्या गाण्यावर कोणालाही चालता येईल. बाजारात मिळणाऱ्या सलग अर्ध्या-पाऊण तासाच्या ध्वनिमुद्रणांत गती हळूहळू चढत जाते. सराइतांना त्याची नशा असते, परंतु जेथे गती चढते तेथेच नवख्यांची पहिली फळी गळते. सुटी सुटी गाणी निवडून मध्ये दोन मिनिटांची विश्रांती ठेवली, तर नवीन येणाऱ्यालाही शिरायला दार मिळते.

पाळीचे घड्याळ

कॉन्ट्राच्या कार्यक्रमात सोपे नाच आरंभी, गुंतागुंतीचे मध्यावर आणि शेवटी पुन्हा सर्वांना परिचित असे, हा क्रम रूढ आहे. पिंपरी-चाकण पट्ट्यात तो जसाच्या तसा उचलून चालणार नाही, कारण येथे सगळे एकाच वेळी येत नाहीत. सकाळच्या पाळीचा कामगार संध्याकाळी ताजातवाना असतो, सर्वसाधारण पाळीचा माणूस आणि हिंजवडीहून परतणारा अभियंता वाहतूक कोंडीतून नऊच्या सुमारास पोहोचतो, तर दुपारच्या पाळीचा घरी येतो तेव्हा सारे आटोपलेले असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. वर्षातील पंधरापर्यंत दिवस शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते आणि त्यात नवरात्रातील मोजकेच दिवस बसतात. उरलेल्या रात्री साडेसात ते दहा एवढाच अवधी हाती असतो.

म्हणूनच नवख्यांसाठीचा दांडिया संध्याकाळी दोनदा ठेवणे इष्ट. एकदा आरतीनंतर लगेच आणि पुन्हा सव्वानऊच्या आसपास, उशिरा आलेल्यांसाठी. दुसऱ्या खेपेला गाणे बदलावे, प्रकार तोच ठेवावा. आधीपासून नाचत असलेल्यांना तो कंटाळवाणा वाटत नाही, उलट तोवर सैल झालेल्या शरीराने त्या तीन रिकाम्या मात्रांत काय काय करता येते, हे त्यांना तेव्हाच उमगू लागते. चौकडी आणि दोढियुं या दोन खेपांच्या मध्ये घ्यावे. दुपारच्या पाळीवाल्यांसाठी सवलतीचे दिवस राखावेत. त्या रात्रींचा शेवटचा तास नव्याने शिकणाऱ्यांचा आहे, हे आधीच फलकावर लिहिलेले बरे. खंडेनवमीला कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी लवकर सुटका झाली, तर वर्षभर न दिसलेले चेहरे आवारात दिसतात. त्या संध्याकाळी अवघड प्रकारांचा हट्ट धरू नये.

जागेचाही विचार करावा लागतो. खांबांच्या वाहनतळात मोठा गोल फेर बसत नाही. खांबाला वळसा घालताना फेर चेपतो आणि मुले मध्ये सापडतात. मोटारींच्या दोन ओळींमधील रस्त्यात मात्र दांडियाच्या लांब रांगा नैसर्गिकपणे मावतात. मोकळे मैदान असेल तर रांगांऐवजी दोन समकेंद्री वर्तुळे करता येतात. आतले बाहेर तोंड करून स्थिर, बाहेरचे आत तोंड करून सरकते. या रचनेत टोक नसल्याने कोणीही एकटे पडत नाही, मात्र दोन्ही वर्तुळांत माणसे सारखी हवीत.

रांगांना टोके असतात आणि खरी अडचण तेथेच उद्भवते. सरकत सरकत टोकाला पोहोचलेल्याला एक फेरी जोडीदार मिळत नाही. त्याने वळून समोरच्या रांगेत शिरायचे असते. नवख्याला वाटते, आपले काही चुकले, आणि तो तेथूनच बाहेर पडतो. कॉन्ट्रातही टोकाची जोडी एक फेरी थांबते आणि उलट दिशेने परतते. नवे लोक तेथेही याच जागी गोंधळतात. आपल्याकडे दोन्ही टोकांना एकेक अनुभवी व्यक्ती रांगेबाहेर उभी करावी, दर गाण्याला ती बदलावी. येणाऱ्याला थांबवायचे, आठ मात्रा त्याच्याबरोबर मोजायच्या आणि खांद्याला हात लावून समोरच्या रांगेत सोडायचे, एवढेच तिचे काम.